वाजणारे बूट

"मुंगी चावली असेल," सासूबाई म्हणाल्या.

मांडवामागे कनातीच्या आडोशाला मी केदारला मांडीवर आडवा घेऊन बसले होते. त्याची ओली चड्डी नुकतीच काढली होती. डाव्या मांडीवर वरच्या अंगाला लालभडक खूण उठली होती, आणि तिच्या शेजारी काल दुपारची एक, आता निळसर पडलेली.

"मुंगी काय दोन बोटांनी चावते?" मी विचारलं.

सासूबाई तोवर दुधाची बाटली शोधायला पिशवीत वाकल्या होत्या. उत्तर आलं नाही. बाटली काढून त्यांनी झाकण पुसलं, केदारच्या हातात दिली आणि मांडवाकडे निघाल्या.

मी कोर्टात स्टेनो होते. समोरचा माणूस कुठल्या प्रश्नाला उत्तर देतो यापेक्षा कुठल्या प्रश्नाला देत नाही, याच्याकडे लक्ष द्यायची मला सवय होती. श्रीरंग, माझा नवरा, म्हणायचा, "तू घरातसुद्धा उलटतपासणी घेतेस." घेत असेन. पण त्या दिवशी प्रश्न माझ्या पावणेदोन वर्षांच्या पोराच्या मांडीवरच्या खुणांचा होता, आणि दुसऱ्या दिवशी, सोमवारी, माझी रजा संपत होती.

तासगावला नुकतीच माझी बदली झाली होती. केदारला दिवसभर सांभाळायला सासूबाई सांगली सोडून आमच्याकडे राहायला येणार, असं ठरलं होतं. त्यांची ट्रंक भरून तयार होती. कोर्टाजवळ एक पाळणाघर होतं, पण श्रीरंगने नावच काढू दिलं नाही. "घरचं माणूस असताना लोकांच्या दारात पोर ठेवायचं?" मलाही ते पटलं होतं. तासगावची खोली लावायला आम्ही दोघं गेलो, तेव्हा केदार आठवडाभर सासूबाईंकडेच होता आणि आम्ही परत आल्यावर माझ्याकडे यायला तयार नव्हता. मला थोडं लागलं, पण जीव भांड्यात पडला होता.

आणि आता या खुणा.

तो सांगलीतल्या एका जुन्या गायनमास्तरांच्या पुण्यतिथीचा उत्सव. दर डिसेंबरात हायस्कूलच्या मैदानावर मांडव पडायचा, तीन दिवस गाणं चालायचं. मी गाण्यातली औरंगजेब. सासूबाई मात्र या उत्सवाच्या पहिल्या वर्षापासूनच्या. तिसऱ्या रांगेत, खांबाला लागून त्यांची सतरंजी. ती जागा कुणी अडवत नसे. नातवाचं नावसुद्धा त्यांनी रागावरून ठेवलेलं. गाणं चालू असताना कुणी शेंगदाण्याची पुडी उघडली तरी त्या अशी मान वळवत, की माणूस पुडी खिशात घालून गाणं संपेपर्यंत हलत नसे. लग्नानंतर पहिल्याच वर्षी मी शेजारी बसून बांगड्या मागेपुढे केल्या होत्या. त्यांनी न बोलता माझ्या मनगटावर हात ठेवला आणि बुवांचा ख्याल संपेपर्यंत काढला नाही.

अशी बाई या वर्षी गाण्यात बसतच नव्हती.

शुक्रवारी पहिल्या गायिकेने तंबोऱ्यावर सूर लावला आणि केदारने भोकाड पसरलं. सासूबाई लगेच उठल्या. "तू बैस गं, मी फिरवून आणते." शनिवारी बासरी सुरू झाली, पुन्हा भोकाड, पुन्हा सासूबाई उभ्या. मध्यंतरात पोर खेळतंय, हसतंय, लोकांच्या टोप्या ओढतंय. पडद्यामागून कलावंत आला, नमस्कार करून बसला, की दोन मिनिटांत याचा टाहो. बरं, माझ्या मांडीवर असताना एकदाही रडला नाही. रडायचा तो त्यांच्याच मांडीवर.

"तुम्ही ऐका की आई, मी नेते त्याला," मी दोनदा म्हटलं.

"छे, छे. तुला कुठे आवरतोय तो. येते मी."

मूल घेऊन त्या मैदानावर फिरणं म्हणजे काही मौज नव्हती. बाबागाडी आम्ही पहिल्या दिवशी हौसेने आणली होती. मांडवाचे दोर, चपलांचे ढीग आणि चटयांच्या घड्या यांत तिचं चाक अडकलं ते अडकलंच, आणि श्रीरंगने ती घडी करून सायकल स्टँडवर टाकून दिली. तो उत्सवाचा कार्यकर्ता. कलावंतांना स्टेशनवरून आणणं, चहा देणं यांत बुडालेला. पोराला कडेवर घ्यावं तर ते खाली उतरायला वळवळणार, खाली सोडावं तर गर्दीत दिसेनासं होणार. म्हणून मी पेठेतून मुद्दाम ते बूट घेतले होते. पाऊल टाकलं की टाचेतून चूं वाजणारे. पोर कुठेही गेलं तरी आवाजाने कळेल, एवढाच माझा विचार.

घरी मला वाटलं होतं, सासूबाई ते बूट बघताच काढून ठेवायला लावतील. गाण्याला जाताना चूं चूं? पण त्यांनी स्वतःच्या हाताने ते त्याच्या पायांत चढवले. शनिवारी तर कहर केला. बासरी अगदी हळू चालली असताना त्या केदारला बोटाला धरून मधल्या वाटेने चालवत घेऊन गेल्या. चूं, चूं, चूं. सगळा मांडव वळून बघतोय, बासरीवाल्यांनी डोळे उघडले, आणि सासूबाईंच्या कपाळावर आठी नाही. मी शरमेने मान खाली घातली. हिला नक्की काय दाखवून द्यायचंय? सुनेला मूल सांभाळता येत नाही, हे? की आता तासगावला यायचंच नाही, म्हणून चारचौघांत पोराचा तमाशा करायचा, आणि मग "बघ, हा माझ्याच्याने आवरत नाही" म्हणायचं?

रविवारी दुपारी दुसरी खूण बघितल्यावर मी ठरवलं, आता नजर हलवायची नाही.

सतरंजीवर सासूबाईंच्या पलीकडे करमरकर मास्तर बसले होते. हार्मोनियम शिकवून निवृत्त झालेले, दरवर्षी तिथेच बसणारे. ते सासूबाईंकडे वळून म्हणाले, "इंदूताई, काल संध्याकाळचा मारवा कसा वाटला? धैवत जरा जास्तच रेंगाळला, नाही?"

सासूबाई त्यांच्या तोंडाकडे बघून हसल्या. "तुमच्यापुढे मी काय बोलणार, मास्तर? तुम्हीच सांगा."

"मी तर म्हणतो, रेंगाळला."

"तुम्ही म्हणताय म्हणजे तसंच."

 या दोघांची धैवतावरून एकदा मध्यंतर संपेपर्यंत जुंपलेली मी स्वतः पाहिली होती. पडती बाजू घेणं सासूबाईंच्या रक्तात नव्हतं. साक्षीदार असं गोलगोल बोलायला लागला, की आमचे साहेब चष्मा काढून ठेवायचे.

ग्वाल्हेरकडचे एक बुवा गायला बसले. केदार सासूबाईंच्या मांडीवर बिस्किट चघळत होता, अगदी खुशीत. बुवांनी डोळे मिटले. सासूबाईंनी मिटले नाहीत. त्या बुवांच्या तोंडाकडे बघत होत्या, मग मास्तरांच्या हाताकडे, पुन्हा बुवांच्या तोंडाकडे. मास्तरांचा हात मांडीवर पडला की पाठोपाठ यांची मान डोलायची. थोड्या वेळाने बुवा तबलजीकडे वळले, हात हलवून त्याला काहीतरी सांगू लागले. बहुधा लय थोडी वाढव म्हणत असावेत, कारण गाणं थांबलंच होतं. आणि तेवढ्यात सासूबाई मोठ्याने म्हणाल्या, "वा! क्या बात है!"

पुढच्या रांगेतली दोन डोकी वळली. मास्तरांनी सासूबाईंकडे असं पाहिलं, जसं देवळात कुणी चपला घालून आल्यावर बघतात. मला गाण्यातलं काही कळत नव्हतं, तरी काहीतरी चुकलं एवढं कळलं. सासूबाईंनाही कळलं असावं. त्यांचा चेहरा उतरला.

मग मी त्यांचा हात पाहिला. पदराखाली सरकला, केदारच्या मांडीवर गेला, दोन बोटं मिटली. केदार किंचाळला.

"अगं बाई, झोप आलीय वाटतं याला," म्हणत त्या उठल्या. "तू बैस, शैला."

माझ्या अंगाचा तिळपापड झाला. तिथल्या तिथे हात धरून विचारावं असं वाटलं. पण सगळा मांडव, पुढे बुवा, आणि मला आता संपूर्ण पुरावा हवा होता. चिमटा काढून बाहेर न्यायचं, ते कशाला? कुणाला भेटायला? मी शंभर पावलं त्यांना पुढे जाऊ दिलं आणि उठले.

बाहेर उन्हं कलली होती. सासूबाई केदारला थोपटत, त्याचे डोळे पुसत, मध्येच त्याचा पापा घेत पुस्तकांच्या टेबलापाशी थांबल्या. चिमटा काढणारी हीच का, असं वाटावं इतक्या मायेने. तिथून पाण्याच्या टँकरकडे. एकदा त्यांनी मागे वळून बघितलं, तेव्हा मी शालवाल्याच्या आडोशाला झाले. स्वतःच्याच सासूचा पाठलाग करतेय, याची लाज वाटली नाही. वाटला तो राग.

मैदानाच्या टोकाला, बाहेर उभ्या राहणाऱ्या लोकांसाठी, माणसाएवढ्या उंचीचा स्पीकरचा खोका ठेवला होता. आवाज इतका, की त्याच्या आसपास कुणी थांबत नसे. सासूबाई नेमक्या तिथे गेल्या. इकडेतिकडे पाहिलं. केदारला खाली उभं केलं, त्याच्या हातात बिस्किट दिलं. मग दोन्ही तळवे त्या खोक्याच्या फळीवर टेकवले, कपाळही टेकवलं आणि डोळे मिटले.

मला काही अर्थच लागेना. नवस बोलतायत की चक्कर आलीय?

केदारने बिस्किट टाकलं आणि चालू लागला. चूं. चूं. खोक्यामागे थोड्या अंतरावर वडेवाल्याची भट्टी होती, विटांवर जमिनीलगत मांडलेली, वर भली मोठी कढई. वडेवाला पाठमोरा, पीठ कालवत होता. केदारला चमकणारं काही दिसलं की तो धावायचा. तो धावला. चूं चूं चूं चूं.

"आई!" मी ओरडले. "आई, केदार!"

नेमकी बुवांची तान संपली होती, स्पीकर क्षणभर शांत होता. माझी हाक टँकरवाल्याने ऐकली, शालवाल्याने ऐकली, दूरच्या सायकल स्टँडवरचा पोऱ्यासुद्धा वळला. सासूबाई माझ्यापेक्षा किती तरी जवळ होत्या. त्या हलल्या नाहीत.

मी कशी पोचले ते आठवत नाही. चप्पल कुठे गेली तेही नाही. कढईपासून हातभर अंतरावर मी त्याला दंडाला धरून मागे ओढलं, आणि आम्ही दोघं मातीत बसलो. वडेवाला मागे वळला आणि बोंबललाच, "ओ ताई! पोर सांभाळता येत नसंल तर आणता कशाला हो हितं? तेल हाय ह्ये, तेल!"

सासूबाई अजून तशाच. तळवे फळीवर, डोळे मिटलेले, चेहऱ्यावर असं काही तरी, जे तीन दिवसांत मांडवात एकदाही दिसलं नव्हतं.

मी केदारला घेऊन त्यांच्या मागे जाऊन उभी राहिले.  केदार माझ्या हातातून खाली घसरला, त्यांच्याजवळ गेला आणि त्यांचा पदर ओढला. हाक मारली नाही, नुसता पदर ओढला. त्या दचकून खाली वाकल्या. केदारने दोन्ही हातांनी त्यांची हनुवटी धरली, त्यांचं तोंड स्वतःच्या तोंडासमोर आणलं, आणि मगच म्हणाला, "आज्जी, हाऽ. हाऽ आहे." भट्टीकडे बोट दाखवून. हाऽ म्हणजे भाजणारं.

माझ्याशी तो असं कधी बोलत नव्हता. कुणाशीच नाही. आठ दिवसांत माझं पोर जे शिकलं, ते मला तीन दिवस बघून कळलं नव्हतं.

सासूबाईंनी मान वर केली आणि त्यांना मी दिसले.

"तुम्हाला ऐकू येत नाही," मी म्हणाले.

त्यांनी माझ्या ओठांकडे पाहिलं. नाही म्हणाल्या नाहीत. "समोरून बोललं की कळतं," त्या म्हणाल्या. "बरंचसं कळतं."

"केव्हापासून?"

"उजवा गेल्या उत्सवाच्या आधीच गेला. डावा गणपतीनंतर. मिरजेच्या डॉक्टरांना दाखवलं. मशीनही लावून पाहिलं. भांड्यावर भांडं आपटल्यासारखं येतं सगळं. ते काय ऐकायचं?" त्यांनी फळीवरून हात फिरवला. "इथं जरा लागतं हाताला. तबला तरी लागतो."

"मग सांगायचं की! चारचौघांत कबूल करायची लाज वाटली? त्यासाठी माझ्या पोराला चिमटे?"

"हळू बोल. म्हणजे, एवढ्या घाईने नको. कळत नाही."

मी तेच पुन्हा म्हटलं, सावकाश. मी चिमटे हा शब्द उच्चारला तेव्हा त्यांनी डोळे खाली घातले, मग उत्तर वाचायचंय म्हणून पुन्हा वर केले.

"जोरात नाही काढला गं."

"खुणा उठल्यात. दोन."

"बघितल्या मी. रात्री तेल लावलं त्याला." त्यांचा आवाज चढला होता, त्यांना त्याचा पत्ता नव्हता. "गाण्याची लाज कसली? वय झालं, गेले कान. मास्तरांना मी कधीच सांगितलं असतं. पण मास्तरांना सांगितलं, की श्रीरंगला कळणार. श्रीरंगला कळलं, की तुला. आणि तुला कळलं असतं तर तू याला माझ्याकडे ठेवला असतास का?"

मी केदारच्या गुडघ्यांवरची माती झटकली.

"तिथं बसून चूक होते. आत्ता झालीच ना? मास्तरांनी कसं पाहिलं, बघितलंस? बसवत नाही आणि उठायला कारण लागतं. दोन दिवस निघाले होते. एवढा आजचा दिवस गेला असता तर उद्या तासगाव." त्यांनी केदारला जवळ ओढलं. "आम्हा दोघांचं छान जमतं गं. त्याला माहिती आहे माझं. तो येतो, तोंड वळवतो, सांगतो."

"आत्ता तो कुठे गेला होता, माहिती आहे?"

"इथेच तर होता."

मी भट्टीकडे बोट केलं. मग माझ्या हाताने कढई आणि केदार यांतलं अंतर दाखवलं. सासूबाईंनी भट्टी पाहिली, माझे अनवाणी, मातीने भरलेले पाय पाहिले. त्या मटकन खाली बसल्या आणि केदारचे हात उलटेपालटे करून बघू लागल्या. बोटं, तळवे, कोपरं. पुन्हा बोटं. तो हसत होता, त्याला वाटलं खेळ चाललाय.

मी त्यांच्याकडे पाठ केली. त्यांच्याकडे बघून मला बोलता येईना. मांडवाकडे तोंड करून म्हणाले, "आई, उद्यापासून केदार पाळणाघरात जाईल. तुमच्याकडे एकटा नाही ठेवता येणार."

मागून काहीच आलं नाही. मला वाटलं, रडत असतील. वळून पाहिलं तर त्या केदारच्या बुटाची नाडी बांधत होत्या. मी वळलेली दिसताच त्यांनी विचारलं, "काही म्हणालीस?"

म्हणजे ते सगळं पुन्हा म्हणायचं होतं. समोर उभं राहून, त्यांच्या डोळ्यांदेखत, सावकाश, एकेक शब्द ओठांवर नीट दिसेल असा. तेवढ्या वेळात मी शब्द बदलू शकले असते. बघू, म्हणू शकले असते. मी खाली बसले आणि तेच शब्द म्हटले, जसेच्या तसे. पंचवीस वर्षं झाली, केदार स्वतः बाप झाला. तीच वेळ आज आली तरी मी तेच म्हणेन.

त्यांना पहिल्याच खेपेला कळलं. ओठ नीट वाचले असतील, किंवा वाचायची गरज पडली नसेल.

"बरं," त्या म्हणाल्या. नाडीची गाठ पूर्ण केली. "श्रीरंगला काय सांगशील?"

"खरं तेच."

"कानाचं सांग. चिमट्याचं नको सांगू, शैला."

मी मान हलवली. श्रीरंगला मी कानाचंच सांगितलं. केदारलाही पुढे तेवढंच.

सासूबाई उठल्या, साडीची माती झटकली आणि केदारला माझ्या कडेवर दिला. तो त्यांच्याकडे झेपावला, पण त्यांनी घेतला नाही. एकट्याच मांडवाकडे गेल्या. मी त्याला घेऊन कनातीपाशी उभी राहिले. बूट काढून माझ्या पिशवीत टाकले होते.

शेवटचं गाणं कलकत्त्याच्या एका बाईंचं होतं. त्या इतक्या हळू गात होत्या, की मांडवात हजार माणसं असून खोकल्याचाही आवाज नव्हता. सासूबाई तिसऱ्या रांगेत आपल्या सतरंजीवर ताठ बसल्या होत्या, मांडीवर कुणी नाही, उठायला कारण नाही. बाईंनी एक सूर लावला आणि तो तसाच ठेवला. सगळीकडून दबलेले हुंकार आले. सासूबाईंनी मान डोलवली नाही. मास्तरांच्या हाताकडेही पाहिलं नाही.

मास्तर त्यांच्याकडे झुकले, हलक्या आवाजात काहीतरी विचारलं. बहुधा, कसं वाटलं, एवढंच.

"मास्तर, मला ऐकू येत नाही," सासूबाई म्हणाल्या.

आपला आवाज केवढा आहे, हे त्यांना कळायला मार्ग नव्हता. त्या स्तब्ध मांडवात तो पार शेवटच्या रांगेपर्यंत गेला. बाईंचा सूर तुटला. तबलजीचा हात वर थांबला, आणि पुढच्या सोफ्यापासून मागच्या चटयांपर्यंत सगळे लोक सासूबाईंकडे वळले. त्या समोर बघत बसून राहिल्या, मास्तरांना अजून पुरतं उत्तर मिळालं नसेल अशा बेताने, आणि पुन्हा तेवढ्याच मोठ्याने म्हणाल्या, "काहीच येत नाही."